डालड्याचं झालं, बाटाचं नाही

आमच्या खेळात कंपनीचं नाव चालतं, पण त्याला आधी परीक्षा द्यावी लागते. ज्याने ते नाव पटावर मांडलं, त्याने त्याचं एक वाक्य बोलून दाखवायचं. वाक्यात त्या नावाचं सामान्यरूप झालेलं पाहिजे, नाहीतर अनेकवचन तरी. ऐकून भोवतीचं कुणी हसलं की नाव बाद, गुण शून्य. कुणाला काही खटकलंच नाही, तर तो शब्द मराठी झाला असं आम्ही धरतो.

नियम जरा विचित्र आहे, पण त्याला कारण आहे. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये विशेषनाम चालत नाही आणि ते ओळखायला फार डोकं लागत नाही. शब्दकोशात जो शब्द नेहमी मोठ्या अक्षराने सुरू होतो, तो बाद. देवनागरीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर ही भानगडच नाही. 'प' पाटलांचा असो की पाटाचा, लिहायचा तेवढाच. मग नाव कुठे संपतं आणि शब्द कुठे सुरू होतो, हे मराठीत ओळखायचं कशावरून?

माझं सीबीडी बेलापूरला कोंकण भवनाजवळ छोटं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, शिक्के. त्या भागात मी 'झेरॉक्सवाल्या ताई', माझं खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलंय. रविवारी कचेऱ्या बंद, म्हणून दुकानही बंद. त्या दुपारी नेरूळला महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात आमचा डाव बसतो. ज्येष्ठ नागरिक व्हायला मला अजून अवकाश आहे, पण खेळातली अक्षरं माझ्याच दुकानात छापून, लॅमिनेट करून कापलेली, त्यामुळे मला कुणी उठवत नाही. मंडळी ठरलेली: मराठी शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, तुर्भ्याच्या बाजारात हयात घालवलेले एक काका, मातीकामाच्या मशीनवर ऑपरेटर असलेले दुसरे काका, आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं थेट पेनाने सोडवणाऱ्या एक बाई.

स्क्रॅबल तयार करणारे आल्फ्रेड बट्स हे न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार. १९३० च्या मंदीत त्यांचं काम गेलं. कोणतं अक्षर किती वेळा लागतं हे काढायला त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली. जे अक्षर फार येतं त्याला कमी गुण, जे क्वचित येतं त्याला जास्त. आम्हीही एका मराठी दैनिकाचं पहिलं पान घेऊन बसलो. 'र', 'त', 'न', 'य' यांची गर्दी झाली, 'ळ' मात्र भाव खाऊन गेला. काना-मात्रा वेगळ्या कापायच्या नाहीत, त्या तोंडी लावायच्या, असं ठरलं. 'ङ' छापलाच नाही.

वादाला तोंड फुटलं ते डालड्यावरून. बाईंनी तो लावला आणि मास्तरांनी हरकत घेतली, 'हे कंपनीचं नाव आहे.' बाई म्हणाल्या, 'घरात वनस्पती तूप कोण म्हणतं हो मास्तर?' मास्तर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'वाक्य करा.' बाईंनी केलं, 'पूर्वी लग्नातल्या बुंदीला डालड्याचा वास यायचा.' कुणाच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. आता सगळंच चालणार असं वाटून बाजारकाकांनी लगेच 'बाटा' लावला. 'वाक्य करा.' काका म्हणाले, 'मी बाट्याची चप्पल घेतली,' आणि सगळे हसले. त्यांच्या गावाकडे कुणी तसं म्हणतही असेल, पण आमच्या टेबलावर 'बाटाची चप्पल' हेच बरोबर ठरलं. डालडा आणि बाटा, दोन्ही आकारान्त, वजनही सारखंच. एकाचं 'डालड्याचा' झालं, दुसऱ्याचं 'बाट्याची' होईना.

मग मास्तरांनी फळ्याशिवाय तास घेतला. ते म्हणाले, दोन वाक्यं ऐका. 'आनंदने फोन केला' आणि 'आनंदाने फोन केला'. पहिल्यात माणूस, दुसऱ्यात मनाची अवस्था. 'विनोदने सांगितलं' आणि 'विनोदाने सांगितलं' हेही तसंच. आजच्या मराठीत माणसाच्या नावाला आपण बहुधा हात लावत नाही, प्रत्यय बाहेरून चिकटवतो. साध्या शब्दाला मात्र आधी वाकवतो आणि मग प्रत्यय लावतो. परक्या भाषेतून आलेला शब्दसुद्धा मुरला की वाकतो: टेबलावर, कपात, बुटात. इंग्रजीत जे काम मोठं अक्षर करतं, ते आपल्याकडे सामान्यरूप करतं. जोवर नाव ताठ उभं आहे तोवर ते कंपनीचं, वाकलं की आपलं. त्या दिवसापासून हाच आमचा कायदा.

डालडा वाकला यात नवल नाही, त्याला वेळ भरपूर मिळाला. दादा नावाच्या डच कंपनीचं वनस्पती तूप आधी भारतात यायचं. लीव्हर कंपनीने हे तूप इथेच बनवायचं ठरवलं, तिच्या हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना शिवडीला होता. 'दादा' हे नाव ठेवायचं, पण त्यात लीव्हरचंही काहीतरी हवं, म्हणून मध्ये 'ल' घुसवला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पिवळा डबा आणि त्यावर हिरवं ताडाचं झाड. तूप संपलं तरी डबा घरातून जात नसे, त्यात तांदूळ राहायचे, तुळस लागायची, सकाळी परसाकडे जाताना पाणीही त्यातूनच जायचं. 'डालड्याचा डबा' हे शब्द मराठी तोंडात बसले ते डब्यामुळे, असं माझं मत आहे. बाटा हे मुळात झेकोस्लोव्हाकियातल्या एका कुटुंबाचं आडनाव. दुकानावर पाटी त्याच नावाची, चपलेवर शिक्का तोच, आणि दुसऱ्या कंपनीच्या चपलेला बाटा म्हणायची कुणाला गरज पडली नाही.

नियमाला पुरवणी जोडावी लागली ती चितळ्यांमुळे. बाईंनी 'चितळे' लावून वर वाक्यही तयार ठेवलं, 'चितळ्यांची बाकरवडी आणा.' वाकलंय की! पण मराठी आडनाव आदरार्थी बहुवचनात नेहमीच वाकतं, जोश्यांचं, गोखल्यांचं, चितळ्यांचं, म्हणून ते शब्द झालं असं होत नाही. तेव्हा दुसरं कलम घातलं: तेच नाव दुसऱ्या कंपनीच्या मालालाही लागत असलं पाहिजे. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाकरवडीला कुणी चितळे म्हणत नाही. बाईंनी अक्षरं उचलली, पण रुसून.

या कलमामुळे कॅडबरी मात्र सुखाने सुटली. पाहुणे मुलांसाठी 'दोन कॅडबऱ्या' आणतात आणि वेष्टनावर कुणाचंही नाव असू शकतं. 'दोन बिसलेऱ्या दे' म्हटल्यावर स्टेशनवरचा दुकानदार जी बाटली हातात ठेवतो, तिच्यावर भलतंच नाव असतं आणि घेणारा ते वाचतही नाही. बिसलेरी हे फेलिचे बिसलेरी या इटालियन गृहस्थाचं आडनाव. मुंबईत ते पाणी १९६५ च्या सुमारास आलं आणि १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो धंदा विकत घेतला. इटलीतल्या आडनावाचं ईकारान्त स्त्रीलिंगी अनेकवचन पनवेलच्या फलाटावर झालं, याची त्या घराण्याला कल्पना नसेल.

ज्या शब्दावर मी सगळ्यात जास्त वेळ काढू शकते, तो टेम्पो. बाजारकाकांनी तो लावला तेव्हा मास्तर अडचणीत आले, कारण ओकारान्त नाव वाकत नाही. टेम्पोत, टेम्पोने, टेम्पोला, सगळीकडे तसंच. अनेकवचनही तेच, एक टेम्पो, दहा टेम्पो. काका काही क्षण थांबले आणि म्हणाले, 'काल अर्धा टेम्पो कांदा सडका निघाला.' मास्तरांनी हात जोडले. वाहनाचं नाव मापाचं नाव झालं होतं, आणखी पुरावा काय मागायचा?

तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटे उभं राहिलं तर कान टेम्पोने भरतात. टेम्पो लावा, टेम्पो काढा, टेम्पोवाला कुठे गेला, टेम्पोभाडं कुणी द्यायचं. समोर उभी असलेली गाडी टाटाची, महिंद्राची, अशोक लेलँडची, कुणाचीही असते. मूळ टेम्पो हा जर्मनीतला, हॅम्बुर्गजवळच्या विडाल कंपनीचा. त्या कंपनीशी करार करून अहमदनगरच्या नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली. आधी गोरेगावला आणि नंतर पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना. पुढे एकच चाक असलेली, लांब नाकाची ती तीनचाकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा आवाजही आठवत असेल. नंतर मॅटाडोर आली, तीही इतकी चालली की कुठल्याही बंद गाडीला काही वर्षं लोक मॅटाडोरच म्हणायचे. याच कंपनीची मिनीडोर पनवेल, पेण, अलिबाग पट्ट्यात माणसं वाहू लागली आणि रायगडात सहा आसनी रिक्षाचं नावच मिनीडोर पडलं. पेणच्या नाक्यावर उभं राहून 'मिनीडोर कुठून सुटते?' असं विचारलं तर कुणी कंपनी विचारत नाही.

२००५ मध्ये बजाज टेम्पोचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. म्हणजे ज्या कंपनीमुळे हा शब्द मराठीत आला, तिनेच तो पाटीवरून उतरवला. नेमकी त्याच वर्षी टाटांची एस ही छोटी चारचाकी रस्त्यावर आली. लोकांनी तिचं बारसं 'छोटा हत्ती' असं केलं आणि कामाला लावली ती टेम्पो म्हणून. जर्मनीतली कंपनी संपली, इथल्या कंपनीने नाव टाकलं, आणि तुर्भ्यात टेम्पो अजून रांगेत उभे आहेत.

ऑपरेटरकाकांचा हुकमी शब्द पोकलेन. नवी मुंबईत राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. इथले डोंगर फोडून सेक्टर झाले, विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, आणि दर थोड्या दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी असतेच की पोकलेन आणि जेसीबी लावून अनधिकृत बांधकाम जमीनदोस्त केलं. दोन्ही यंत्रं पिवळी, दोन्ही माती उचलतात, म्हणून बघ्यांना सारखीच वाटतात. काकांना ते सहन होत नाही. ते सांगतात, जेसीबीला चार टायर असतात, पुढे रुंद सूप आणि मागे खोदायचा हात. तो रस्त्याने स्वतः चालत येतो. खोदायचं असलं की ऑपरेटर खुर्ची फिरवून पाठमोरा बसतो आणि मशीन दोन पाय टेकून उभं राहतं. पोकलेनला टायर नाहीत, पट्टे आहेत. रस्त्यावरून चालवला तर डांबर उखडेल, म्हणून त्याला ट्रेलरवर बसवून आणावं लागतं. पण एकदा जागेवर उभा राहिला की कंबरेपासून अख्खा गोल फिरतो, जागा न सोडता इकडची माती तिकडे टाकतो. दगडाच्या कामाला त्याच्या हाताला बकेटऐवजी ब्रेकर लावतात.

पोक्लेन ही फ्रान्सची कंपनी, ज्योर्ज बाताय यांनी १९२७ मध्ये काढलेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारं खोदयंत्र बनवलं. भारतात लार्सन अँड टुब्रोने पोक्लेनशी करार करून तशी यंत्रं काढली. आज साइटवर ज्याला पोकलेन म्हणतात, त्याच्या अंगावर जपानी, कोरियन किंवा भारतीय नाव असतं. कुणी त्याचा 'पोकलँड' करतं. जेसीबी ही तर जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं. त्याने १९४५ मध्ये धंदा सुरू केला. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये आद्याक्षरं चालत नाहीत. आमच्याकडे जेसीबी चालतो, कारण ती आद्याक्षरं आहेत हे मराठी तोंडाला माहीतच नाही. 'जेसीबीवाल्याला बोलवा' म्हणताना कुणी टिंबं देत नाही.

आता माझ्या पोटापाण्याच्या शब्दाकडे येते. दुकानातलं मशीन झेरॉक्स कंपनीचं नाही, ते एका जपानी कंपनीचं आहे. पाटीवर मात्र झेरॉक्स. राज्य सरकारने २०२२ मध्ये दुकान कायद्यात दुरुस्ती करून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मीही पाटी नवी केली. रंगवणाऱ्याने विचारलं, 'छायाप्रत लिहू का ताई?' मी म्हटलं, लिहिलंस तर लोक फोटो काढायला येतील. सरकारी अर्जावर 'छायांकित प्रती जोडाव्यात' असं छापलेलं असतं. अर्ज हातात घेऊन माणूस माझ्याकडे येतो आणि म्हणतो, 'याला काय काय झेरॉक्स लागेल?' दोन्ही शब्द आपापल्या जागी नांदतात, एक कागदावर, एक तोंडात.

मराठी झेरॉक्स ही स्त्रीलिंगी आहे आणि ती मशीनचं नाव नाही, निघालेल्या कागदाचं आहे. 'झेरॉक्स काळी आली', 'झेरॉक्स हरवली', आणि कोकणातून आलेली काही मंडळी सरळ 'चार झेरॉक्सा' मागतात. मूळ शब्दाचा अर्थ या कागदाला हात लावला की कळतो. झेरोस म्हणजे ग्रीकमध्ये कोरडं. मशीनच्या आत एक ड्रम असतो, त्यावर स्थिर वीज भरतात. मूळ कागदावरून परावर्तित झालेला उजेड जिथे पडतो तिथली वीज निघून जाते, अक्षरांच्या जागी ती टिकते. काळी पूड नेमकी त्या जागी चिकटते, तिथून कागदावर उतरते, आणि गरम रुळाखालून जाताना वितळून कागदात बसते. शाई नाही, पाणी नाही. म्हणून पहिली प्रत हातात येते ती कोमट असते, आणि रूळ नीट तापला नसला तर अक्षर बोटाने पुसलं जातं. चेस्टर कार्लसनने असा पहिला ठसा २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात उमटवला, त्यावर तारीख आणि जागेचं नावच होतं. बाजारात चालणारं मशीन, ९१४, यायला १९५९ उजाडलं. ते तापून कागद पेटायचा धोका असल्यामुळे सोबत आग विझवायचं नळकांडं दिलं जाई. भारतात मोदी झेरॉक्स १९८३ मध्ये आली.

त्याआधी आपल्याकडे सायक्लोस्टाईल होतं, तेही गेस्टेटनरच्या यंत्राचंच नाव. परीक्षेचे पेपर, युनियनची पत्रकं, आणि मराठीतली लघुनियतकालिकंसुद्धा त्यावर निघाली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्या मंडळींनी १९५० च्या दशकात काढलेलं 'शब्द' हे असंच सायक्लोस्टाईल केलेलं. झेरॉक्स आली आणि सायक्लोस्टाईलचं यंत्र गेलं, पाठोपाठ शब्दही निघाला. किटसनची बत्ती, प्रायमस, पेट्रोमॅक्स यांचीही तीच गत. वस्तू गेली की शब्दाला कुणी विचारत नाही. आमच्या डावात त्यांना गुण मिळतात, पण वाक्य करायला सत्तरीपुढचं कुणीतरी टेबलाशी लागतं.

इंग्रजी स्क्रॅबलमध्ये 'झेरॉक्स' लहान अक्षराने, क्रियापद म्हणून चालतो, इंग्रजी प्रत्ययांसकट. गंमत अशी की त्या खेळात एक्स एकच असतो, आठ गुणांचा, आणि या शब्दाला दोन लागतात. दुसऱ्याच्या जागी कोरा ठोकळा लावावा लागतो, ज्याला गुण नाहीत. म्हणजे शब्द बोर्डावर येतो तेव्हाही अर्धा उसनवारीवर. कंपनीला हे लाड मंजूर नाहीत. आमचं नाव विशेषण म्हणून वापरा, नाम म्हणून नको, क्रियापद म्हणून तर नकोच, अशा जाहिराती ती वर्षानुवर्षं करत आली आहे. व्याकरणाची एवढी काळजी वाहणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

या काळजीचं कारण मला बेलापूर कोर्टातल्या एका वकीलसाहेबांनी सांगितलं, प्रती निघेपर्यंत काउंटरला टेकून. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात कलम ३६ आहे. लोक एखाद्या नोंदणीकृत नावाने सगळ्याच वस्तू ओळखू लागले, एवढ्यावरून नोंदणी जात नाही. पण त्या धंद्यातलेच लोक ते नाव वस्तूचं सर्वसाधारण नाव म्हणून सर्रास वापरू लागले, तर धोका. 'म्हणजे ताई, गिऱ्हाइकाने झेरॉक्स म्हटलं तर कंपनीला झोप लागते. तुमच्या पाटीमुळे उडते.' मी पाटीकडे बघितलं. तशी पाटी त्या गल्लीत एकटी माझी नव्हती. बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे अर्ज आला होता की झेरॉक्स हा आता सामान्य शब्द झाला आहे, नोंदणी रद्द करा. २०१२ मध्ये मंडळाने अर्ज फेटाळला. म्हणजे भारतात झेरॉक्स कायद्याने अजून नाव आहे आणि कोंकण भवनाच्या फाटकापासून पुढे शब्द आहे.

अमेरिकेतल्या थर्मासच्या खटल्याची गोष्ट मास्तरांना सांगितली तेव्हा ते खूश झाले. १९६३ मध्ये तिथल्या न्यायालयाने ठरवलं की थर्मास हा सगळ्यांचा शब्द झाला, प्रतिस्पर्धी अलादीन कंपनीलाही तो वापरता येईल. पण अट घातली: अलादीनने तो लहान 'टी'ने लिहायचा आणि आधी स्वतःचं नाव लावायचं. मोठा 'टी' मूळ कंपनीकडेच राहिला. एका अक्षराच्या उंचीवर न्यायालयाने वाटणी करून दिली! आपल्याकडे असा निकाल लागला असता तर न्यायाधीशांनी काय वाटलं असतं? 'थर्मासमध्ये' कंपनीला आणि 'थर्मासात' जनतेला, असं मास्तरांचं म्हणणं. अॅस्पिरिन, एस्कलेटर, झिपर या नावांचंही अमेरिकेत असंच झालं. केरोसीन तर एकोणिसाव्या शतकात अब्राहम गेस्नरने नोंदवलेलं व्यापारी नाव. अमेरिकनांनी कंपनीचं नाव उचललं, आपण रॉकेल आणि घासलेट म्हणत राहिलो.

खुद्द स्क्रॅबल या नावावरूनही आपल्याकडे खटला झाला. कोलकात्याच्या दोन अगरवाला बंधूंनी इंटरनेटवर 'स्क्रॅब्युलस' नावाचा तसाच खेळ काढला आणि तो जगभर तुफान चालला. मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने पटाच्या रचनेवरचा कॉपीराइट मान्य केला नाही, पण ते नाव वापरायला मनाई केली. खेळ 'लेक्स्युलस' या नावाने पुढे चालू राहिला. शब्दांच्या खेळात भांडण शेवटी शब्दावरच आलं. तरी 'स्क्रॅबल' हा इंग्रजीतला जुना शब्द, खरवडणं, चाचपडणं अशा अर्थाचा, म्हणून तो स्क्रॅबलच्या पटावर खुशाल मांडता येतो.

आमच्याकडे सगळेच निकाल इतके स्वच्छ लागत नाहीत. फेविकॉल अजून लटकलेला आहे. सुतार कुठल्याही कंपनीच्या पांढऱ्या डिंकाला फेविकॉल म्हणतात, तेव्हा दुसरं कलम पास. पण 'फेविकॉलाने चिकटवलं' म्हटलं की हसू येतं, 'फेविकॉलने'च म्हणावं लागतं, म्हणजे पहिलं नापास. निरम्यावरून तर तट पडले. बाई सोलापूरकडच्या, त्या कपडे 'निरम्यात' भिजवतात, बाकीचे 'निरमात'. मास्तरांनी अर्धे गुण दिले, जे खेळाच्या नियमात कुठेही बसत नाही. लुनेवरून फिरलेल्यांनी 'लुनेवर' बिनविरोध मंजूर केलं, पण ज्यांनी लुना पाहिलीच नाही अशा पोरांना ते वाक्य परकं वाटतं. 'जीपे' अडला, कारण तो एकारान्त, वाकायची सोयच नाही. नेरूळ स्टेशनबाहेरचा भाजीवाला दुसऱ्याच कंपनीचा स्कॅनर पुढे करतो आणि म्हणतो, 'काकू, जीपे मारा.' बाजारकाकांचं म्हणणं, ज्याला मारता येतं तो शब्दच.

गुगलचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. मास्तरांचा आठवीतला नातू सुट्टीत डावाला बसला आणि त्याने 'गुगल' लावला. मी म्हटलं, वाक्य कर. 'गुगलावर शोध' असं त्याला स्वतःलाही म्हणवेना, 'गुगलवर'च बरोबर. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या शोधयंत्राला गुगल म्हणणारं आमच्यात कुणी नव्हतं. नाव ताठ, बाद. पोरगा हुशार, पुढच्या पाळीला त्याने त्याच अक्षरांना 'न' जोडला आणि मात्रा तोंडी लावून म्हणाला, 'गुगलून'. 'आजोबा, पत्ता माहीत नव्हता, गुगलून काढला.' हसलं कुणीच नाही. मास्तरांनी डोळे मिटून रूप तपासलं: बोलून, चालून, गुगलून. ऊन प्रत्ययान्त अव्यय, निर्दोष. मी त्याला सांगितलं की इंग्रजांच्या ऑक्सफर्ड कोशात गुगल हे क्रियापद कंपनीच्या कितीतरी आधीपासून आहे, क्रिकेटमधलं, गुगली टाकणे या अर्थाचं, १९०७ पासूनच्या दाखल्यासह. कंपनीच्या अर्थाचं क्रियापद त्यांनी २००६ मध्ये घेतलं. पोराला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला गुण हवे होते. तेव्हा सध्याचा निकाल असा: 'गुगल' लावला तर बाद, 'गुगलून' लावला तर पूर्ण गुण, आणि क्रियापद झाल्याबद्दल दुप्पट द्यावेत का, यावर ऑपरेटरकाका आणि बाई अजून भांडत आहेत.